तीन ठोके आणि एक थांबा

गावात मला मेजर म्हणतात. मी मेजर नव्हतो. हवालदार म्हणून रिटायर झालो. पण रत्नागिरीत फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच, त्याला इलाज नाही. चर्चमध्येही तेच. उपासना संपली की पाळकसाहेब मोठ्याने हाक मारतात, "मेजर, जरा खुर्च्या उचलायला लागा." म्हणून आधीच सांगून ठेवतो, ही आठवण कुठल्या मेजरची नाही. त्या वेळी मी नाईक होतो, नाईक शमुवेल पवार. माझे पोस्ट कमांडर होते हवालदार योहान जाधव. तेही रत्नागिरीचे, आमच्याच मंडळीतले. त्यांचे वडील चर्चची घंटा वाजवायचे.

आमची पोस्ट उत्तरेला बर्फात होती. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, नकाशावर तिथे नुसता पांढरा रंग आहे. माणसं सहा. राहायला फायबरची एक झोपडी. आत रॉकेलची शेगडी चोवीस तास चालू, त्यामुळे थुंकी काळी पडायची. सकाळी उठून दारातलं बर्फ काढायचं, बर्फ वितळवून पाणी करायचं, संत्री बदलायचा, रेडिओवर बेसला रिपोर्ट द्यायचा. मग पुन्हा दारातलं बर्फ काढायचं. दोन पावलं भरभर टाकली की धाप लागायची. तिथे नवीन आलेल्याला मी एकच गोष्ट शिकवायचो, ती म्हणजे घाई न करणं.

कंपनीत ख्रिस्ती आम्ही दोघंच. जाधवांना मी दादा म्हणायचो. बाकी सगळे त्यांना मोठे पाद्री म्हणायचे आणि मला छोटे पाद्री. ते चिडत नसत, मी चिडायचो. संध्याकाळी जेवणाआधी दादा डोळे मिटून थोडक्यात प्रार्थना करायचे. रडगाणं नाही, मोठं भाषण नाही. "प्रभू, आजचा दिवस निभावला, उपकार. उद्याचाही तुझ्याकडे." झालं. बाकीचे चौघे हिंदू, पण तेवढा वेळ डब्याला हात लावत नसत. सिग्नलचा मोरे म्हणायचा, "उस्ताद, माझ्या बॅटऱ्यांसाठी पण सांगा वर." दादा सांगायचेही.

पोस्टवर आमच्या जिल्ह्याचा आणखी एक होता, शिपाई घाग. मालगुंडच्या बाजूचा, हापूसच्या बागेत वाढलेला. तोंडाचा फटकळ. बर्फाला रोज नवी शिवी द्यायचा. म्हणायचा, "आयशप्पत, मी आजवर बर्फ बघितला तो मासळीच्या पेटीत. त्यातच आपण येऊन झोपणार, हे कोणाच्या डोक्यात होतं?"

घाग आणि दादा यांचा बोलायचा विषय एकच, कलम. दादांनी आदल्या सुट्टीत घरामागे हापूसचं कलम लावलं होतं. आमच्याकडे जमीन म्हणजे कातळ. तो फोडून खड्डा करायचा, माती बाहेरून आणून भरायची, मग कलम. आणि कलम लहान असतानाच त्याला मोहर येतो. तो धरू द्यायचा नसतो, खुडून टाकायचा. पहिल्या वर्षांत फळ धरलं की झाड खचतं. आमच्याकडे हे पोरासोरांनाही माहीत असतं, पण हाताने मोहर खुडताना जीव कसा होतो ते ज्याने खुडला त्यालाच ठाऊक. दादांनी मार्थावहिनींना बजावून ठेवलं होतं, "मी सांगेपर्यंत एक काडी ठेवायची नाही." सॅटेलाइट फोनवर नंबर लागला की नवरे बायकोला काय काय विचारतात! हे विचारायचे, "मोहर खुडलास काय गो?" सगळी झोपडी हसायची. पलीकडून वहिनींचा आवाज ऐकू यायचा, "झाडाचीच चौकशी करा. मी काय, हाय नि नाय."

आमची मुदत संपत आली होती. रिलीफ येणार होती, म्हणजे नवी तुकडी येऊन पोस्ट ताब्यात घेणार आणि आम्ही खाली उतरणार. त्याच आठवड्यात दादांना खोकला लागला. पहिल्यांदा कोरडा, मग छातीत घरघर. त्या उंचीवर छातीत पाणी होतं, त्याला औषध एकच, खाली उतरणं. बेसच्या डॉक्टरांनी रेडिओवर ऐकून घेतलं आणि सांगितलं, "रिलीफ येताच पहिल्यांदा यांना उतरवा." त्यामुळे ती रिलीफ आम्हा सगळ्यांनाच हवी होती, पण दादांना तिच्यावाचून गत्यंतर नव्हतं.

रिलीफ निघाली त्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं. आठ माणसं, लीडर नायब सुभेदार कदम साहेब, साताऱ्याकडचे. दुपारपर्यंत पोचायला हवे होते. बाराच्या सुमारास वारा सुटला आणि बघता बघता समोरचं सगळं गेलं. धुकं म्हणू नका, धुक्यात झाडाचा बुंधा तरी दिसतो. इथे स्वतःचा हात लांब केला तर पंजा दिसत नव्हता. वाटेवरच्या खुणेच्या झेंड्या पुरल्या गेल्या. त्यांच्याकडचं दिशा दाखवायचं यंत्र थंडीने बंद पडलं. वाटेच्या दोन्ही अंगांना बर्फातल्या भेगा, वरून झाकलेल्या. चुकीच्या बाजूला शंभर पावलं गेली की माणूस परत येत नाही. आणि थांबून राहावं तर अंधार पडल्यावर उघड्यावर कोणी टिकत नाही.

रेडिओवर कदम साहेबांचा आवाज आला. "पोस्ट, आम्ही जवळ असू. काही दिसत नाही. दिशा द्या. ओव्हर."

दादांनी मोरेच्या हातून सेट घेतला. "साहेब, जागेवर थांबा. आवाज देतो. ओव्हर."

आवाज कसला द्यायचा? गोळी झाडायची नव्हती. समोर शत्रूची बाजू, आणि आमच्या डोक्यावरच्या उतारावर ताजं बर्फ साठलेलं, धक्क्याने कोसळलं असतं. उजेडाचे फ्लेअर उडवले, ते पांढऱ्यात पांढरे होऊन विझले. ओरडलं तर वारा तोंडातच कोंबत होता. दादा म्हणाले, "रॉकेलचा रिकामा पत्र्याचा जेरीकॅन काढा. वाजवा."

झोपडीपासून थोड्या अंतरावर एक खांब होता. दाराला दोर बांधला, दुसरं टोक खांबाला. दोर धरून जायचं, जेरीकॅन वाजवायचा, दम संपला की दोर धरून परत यायचं आणि पुढच्याने जायचं. पहिला नंबर घागने मागून घेतला. म्हणाला, "उस्ताद, डबा वाजवण्यात आमची हयात गेलीय." खरंच होतं. बागेत आंब्याच्या दिवसांत माकडं उतरतात. त्यांना हाकलायला राखणीचा माणूस दिवसभर पत्र्याचा डबा बडवतो. घागने बर्फ फोडायच्या कुऱ्हाडीचा, आइस अ‍ॅक्सचा दांडा घेतला आणि जेरीकॅनवर असा तुटून पडला की मला वाटलं, झाली सोय. आता साहेब पाच मिनिटांत दारात.

आम्ही पाळीपाळीने वाजवत राहिलो. मी वाजवला, मोरे आणि दादा सोडून बाकीच्यांनी वाजवला, सगळे घागसारखेच. तास होत आला तरी कोणी आलं नाही. दादांनी सेट घेतला. "साहेब, आवाज येतोय का? ओव्हर."

खरखरीतून उत्तर आलं. "तुमचा आवाज नाही. वाऱ्यात कुठेतरी पत्रा आपटतोय, तेवढंच. ओव्हर."

मग दादांनी कपाळावर हात मारला. "घागा, मेल्या, तू राखण करतोयस!"

"म्हणजे काय उस्ताद?"

"म्हणजे माकडं हाकलतोयस!"

आता हे कोकणाबाहेरच्यांना सांगायला हवं. राखणीचा डबा कधी तालात वाजवत नाहीत. ताल लागला की माकडाला कळतं, हा नुसता आवाज आहे, आणि ते खुशाल आंबे खात बसतं. म्हणून दोनदा वाजवायचा, मग चारदा, मग बराच वेळ गप्प, मग एकदम धडाधड. घागच्या हाताला तीच सवय. त्याचं बघून आमचेही हात तसेच चाललेले. माकडाला वाटावं माणूस आहे, म्हणून जे करायचं, त्यानेच इथे माणसांना वाटलं की वारा आहे. घागचं तोंड एवढंसं झालं.

दादांनी सेट तोंडाशी धरला. "साहेब, तो पत्रा म्हणजे आम्ही. आता तीन ठोके आणि एक थांबा. पुन्हा तीन आणि थांबा. तिकडे चालत या. समजलं का? ओव्हर."

उत्तर आलं नाही. मोरेने सेट हातात घेतला, हलवला, बॅटरी काढून काखेत धरून गरम केली, पुन्हा बसवली. दुसरी बॅटरी आधीच गेलेली. सेट मेला होता. साहेबांना शेवटचं वाक्य पोचलं की नाही, हे कळायला मार्ग उरला नाही.

दादा उठले. मी दार अडवलं. म्हटलं, "दादा, तुम्ही नाही. तुमच्या छातीत घरघर चालू आहे."

"थांबा किती घ्यायचा ते तुम्हाला कळणार नाही. एकदा दाखवतो."

त्यांच्या वडिलांची चर्चची घंटा अशीच वाजायची. तीन ठोके, मग एक संथ श्वास घेऊन सोडण्याएवढा थांबा, पुन्हा तीन. मी ती लहानपणापासून ऐकलेली. तरी तिथे तो ताल माझ्या डोक्यात आला नव्हता, तो आला दादांच्या. त्यांनी दाखवला आणि आम्ही उचलला. पण ते आत यायला तयार नव्हते. पाळी संपली की दोराला धरून उभे राहायचे, पुढच्याचा ताल चुकला की त्याच्या हातून दांडा घ्यायचे.

तो दुपारचा वेळ मी कधी विसरणार नाही. वाजवायचं, थांब्यात कान लावायचा, फक्त वारा. पुन्हा वाजवायचं. हाताची बोटं कधीच बधिर झालेली. शेवटी घाग रडकुंडीला येऊन ओरडला, "उस्ताद, कोणाला ऐकू जातंय हे? सेट बंद, माणसं दिसत नाहीत. आपण कोणासाठी वाजवतोय?"

दादांना धाप लागली होती. एकेक शब्द तोडून म्हणाले, "ऐकू जातंय की नाही, ते आपल्याला कळणार नाही. आपल्याकडे वाजवायचं काम आहे. वाजव."

घागने वाजवला. शिव्या देत वाजवला, पण तीन ठोके आणि एक थांबा, बरोब्बर.

उजेड कमी व्हायला लागला होता, तेव्हा थांब्यात आवाज आला. बारीक. शिट्टी! दोनदा. मग दोराच्या बाजूने एक काळा ठिपका, त्यामागे दुसरा. पुढे कदम साहेब, भुवयांवर बर्फ, सगळे एकमेकांना दोराने बांधलेले. मी मोजले. आठ. पुन्हा मोजले. आठच! घाग जेरीकॅन टाकून बर्फात गुडघ्यांवर बसला आणि मोठ्याने रडला. मीही रडलो, लाज कसली त्यात. मोरे आणि साहेबांचा रेडिओवाला गळ्यात पडून नाचत होते. त्या उंचीवर नाचायचं नसतं, पण सांगणार कोण?

साहेब आत आले आणि आधी विचारलं, "तो पत्रा कोण वाजवत होतं?" मग म्हणाले, "तुमचं शेवटचं बोलणं आम्हाला आलंच नाही. थंडीने उभं राहवेना म्हणून आम्ही निघालो, ते भलतीकडे. मग तो पत्रा तीनदा वाजला आणि थांबला. पुन्हा तीनदा वाजला आणि थांबला. मी पोरांना म्हटलं, वारा असा मोजून थांबत नाही. तिथे माणूस आहे, वळा."

म्हणजे आम्ही ज्या वेळी निराश होत होतो, त्या वेळी ते आमच्याकडेच चालत येत होते. हे वाक्य मी आजवर पुष्कळदा मनात घोळवलं आहे.

साहेबांनी दादांकडे पाहिलं. चेहरा निळा पडलेला. "जाधव, आडवे व्हा."

"आधी चार्ज घ्या, साहेब."

फौजेत पोस्ट अशी सोडून देत नाहीत. समोरच्याने ताब्यात घेतली असं म्हटल्याशिवाय तुमची सुटका होत नाही. दादा भिंतीला टेकून उभे राहिले. हत्यारं, दारूगोळा, रेशन, रॉकेल, सगळं तोंडपाठ सांगितलं. मध्ये खोकल्याने थांबले, पुन्हा तिथूनच सुरू केलं. शेवटी साहेब म्हणाले, "पोस्ट ताब्यात घेतली. हवालदार जाधव, तुम्ही मोकळे." दादांनी सॅल्यूट केला आणि मग खाली बसले.

साहेबांच्या सेटवरून बेसला निरोप गेला. हेलिकॉप्टर पहाटे आभाळ उघडल्यावर येणार होतं. आम्ही ऑक्सिजन लावला. ते शुद्धीत होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "शमुवेल, झाडाचा चार्ज तुझ्याकडे. मोहर कधी धरायचा ते तू बघ नि तिला सांग. घाई करू नको." मी म्हटलं, "दादा, तुम्हीच सांगाल." ते हसले. सकाळी हेलिकॉप्टरचा आवाज कानावर आला, तेव्हा ते गेले होते. चेहरा शांत होता. ड्युटी संपवून झोपलेल्या माणसाचा असतो तसा.

मी सुट्टीवर आलो आणि पहिल्यांदा वहिनींकडे गेलो. त्या बालवाडीत शिकवतात. मला बघून चहा टाकला आणि पाठ फिरवूनच बोलल्या, "भावोजी, मी रोज प्रार्थना केली. एक दिवस चुकवला नाही. तुमच्या देवाला ऐकू येतं काय ओ?"

मी पाळक नाही. मला फक्त त्या दुपारची हकीकत येत होती, ती सांगितली. जेरीकॅन, घागची राखण, मेलेला सेट, सगळं. सांगता सांगता माझ्याच तोंडून निघून गेलं, "वहिनी, आमचा सेट बंद होता. पण पलीकडचा माणूस बहिरा नव्हता. तो चालत येत होता." चहा गार झाला. मग पदराने डोळे पुसून जरा रागानेच म्हणाल्या, "मग काय, वाजवायचा डबा." पुढच्या रविवारी त्या चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसल्या. त्याआधी महिनाभर त्या उंबऱ्याशी बसून परत जात होत्या.

झाडाकडे नेलं तेव्हा म्हणाल्या, "त्यांनी सांगेपर्यंत खुडायचा म्हणून सांगितलंय. आता सांगणार कोण?" मी चार्जचं सांगितलं. त्या पहिल्यांदा हसल्या. "झाडाचापण चार्ज दिला? कमाल आहे माणसाची."

त्यानंतर दर वर्षी मोहराच्या वेळी मी सुट्टी काढायचो. तोवर फौज सोडून बागेत परतलेल्या घागला मालगुंडहून बोलवायचो, कारण झाडातलं मला काय कळतं! तो बुंधा चाचपायचा, फांद्या वाकवून बघायचा आणि मान हलवायचा. "नाय मेजर, अजून पोर आहे." वहिनी निमूटपणे मोहर खुडायच्या. शेजारणी म्हणायच्या, "अगो, एवढा मोहर, वेडी काय तू?" एका वर्षी झाड असं फुललं की पान दिसेना. तरी वहिनींनी खुडला. मी बघवेना म्हणून विहिरीकडे जाऊन उभा राहिलो.

मी रिटायर होऊन घरी आलो त्यानंतरच्या थंडीत घागने बुंध्याला हात लावला आणि लगेच काढला. माझ्याकडे बघून म्हणाला, "सांगा." मी शूज नीट केले. उगीचच ताठ उभा राहिलो. "वहिनी, हवालदार साहेबांचा निरोप आहे. यंदा धरू द्या."

यंदा मे महिन्यात प्रथमफळाची उपासना झाली. मंडळी आपापल्या बागेतलं, परसातलं पहिलं फळ वेदीपुढे आणतात. केळी, फणस, नारळ, काजू. वहिनी सूप भरून हापूस घेऊन आल्या, केशरी, देठाशी अजून हिरवे. अख्खं चर्च त्या वासाने भरलं. साताऱ्याहून कदम साहेब आले होते, आता रिटायर. घाग आला होता, नवीन शर्ट घालून, चपला बाहेर काढून. पाळकसाहेब म्हणाले, "मेजर, प्रतिफळाविषयी दोन शब्द बोला." मी उभा राहिलो. सगळं पाठ केलेलं विसरलो. एवढंच म्हणालो, "तुमच्यापैकी कोणी वर्षानुवर्षं डबा वाजवत असेल, उत्तर येत नसेल, तर थांबू नका. तो चालत येतोय. मी आठ माणसं चालत आलेली बघितली आहेत." आणि वेदीकडे बोट दाखवून खाली बसलो. वहिनी रडत होत्या, पण मान वर होती, आणि चेहऱ्यावर असा आनंद मी त्या झाडाच्या लावणीपासून पाहिला नव्हता.

उपासना संपल्यावर वहिनींनी घंटेचा दोर घागच्या हातात दिला. घाग गांगरला. मी त्याच्या कानात म्हटलं, "राखण करू नको हां."

"गप बसा ओ," म्हणाला, आणि ओढला.

तीन ठोके आणि एक थांबा. पुन्हा तीन, पुन्हा थांबा. अंगणात कदम साहेब कोणाशी तरी बोलत उभे होते. बोलणं अर्धवट सोडून ते वळले आणि सावधान उभे राहिले. हात कपाळाशी गेला. मीही सॅल्यूट केला. बाकीच्या लोकांना काय चाललंय ते कळेना, पण तेही थांबून उभे राहिले, हातात आंबे घेऊन.

हवालदार योहान जाधव. ठाणं सोडलं नाही. चार्ज देऊन गेले.